तेवीस दिवस जादा

तीन वर्षं भरली आषाढात.
केळुसकर सरांनी रजेचा हिशोब पेन्सिलीने मांडला होता,
खोडता यावा म्हणून असेल.
खाली कोपऱ्यात: जादा रजा, तेवीस.

तेवीस म्हणजे बांबोळी.
पहाटेची पणजी एसटी, आईच्या वॉर्डाबाहेरचा बाक,
थर्मास, पेजेचा डबा,
आणि मांडीवर उघडून न वाचलेलं कॉस्टिंग.
मस्टरला यातलं काही कळत नाही.
त्याला फक्त 'र' काढता येतो.

सर म्हणाले, "सुलक्षणा, फॉर्मवर सही मीच करणार ना?
कोण बसलंय तुझे दिवस मोजायला?"
खिडकीबाहेर वेंगुर्ल्याच्या बंदरात होड्या
अजून झापांखाली, वर ओढलेल्या.
भरती त्यांच्या नाळीपर्यंत यायची, हात लावून परत जायची.
आणि मला नको त्या वेळी नाबर शेट आठवले.

एकतीस मार्च होता.
नाबरांचा काजू कारखाना, स्टॉकची मोजणी.
मी थप्पीवर चढलेली, हातात पॅड,
खाली पावलीन, चिकाने बोटं काळी,
पोत्यावर थाप मारत आकडा ओरडायची.
खात्यात चारशे बारा. थप्पीत चारशे तीन.
आम्ही दोघींनी परत मोजली. चारशे तीन.
शेट म्हणाले, "नव पोती गो! उंदीर खातत, वाटेत सांडतत.
चारशे बारा लिव आणि चाय घे."
मी चारशे तीन लिहिलं.
चहा आलाच नाही.
ऑफिसात सरांनी कागद बराच वेळ बघितला,
काही बोलले नाहीत,
माझ्या सहीखाली आपली सही केली,
जरा जास्त दाबून. मागच्या पानावर उमटली होती.

म्हणून मी म्हटलं, "येते मी सर. तेवीस दिवस."
त्यांनी चष्मा पुसला.
"मग सड्यावरच्या पतपेढीचं काढ," म्हणाले,
"गेल्या पावसात छप्पर गळलं. व्हाउचरं ओली आहेत."
हा आशीर्वाद होता की शिक्षा, अजून ठरवलं नाही.

माझ्याबरोबरची प्रचिती पुण्यात सुटली,
काळ्या ब्लेझरमधला फोटो पाठवलाय.
मी पतपेढीच्या माडीवर पंख्याखाली
व्हाउचरं वाळत घातलीयत,
उडू नयेत म्हणून वर एकेक वजन:
शिंपला, गंजलेलं कुलूप, तराजूचा पावशेर.
मध्ये नारळी पौर्णिमा येऊन गेली. सुट्टी. ती धरायची नाही.
होड्या सुटल्या, बंदर मोकळं झालं,
आज माझा सतरावा.

इथल्या पैसे काढायच्या स्लिपवर 'कारण' असा रकाना आहे.
बहुतेक जण कोरा सोडतात.
कुणी लिहितं: पत्रे. कुणी: मुलीची फी. होडीचं इंजिन.
आज एकावर, वाकड्या अक्षरात,
पन्नास-पन्नास करून साठवलेले सगळे साडेचार हजार काढून:
बांबोळी.
बोट तिथे थांबलं.
तारीख बघितली. माझ्या तेवीसातलीच एक.
म्हणजे त्या बाकावर, कदाचित शेजारीच.
बेरीज बरोबर होती.
हिरव्या शाईने टिक केली, पुढची स्लिप घेतली.

दुपारी आईचा फोन. "किती रवले गो?"
"सहा."
"माझ्यापायी झाला ता सगळा."
"गोळी घेतलंस?" मी विचारलं. दुसरं काय बोलणार.

संध्याकाळी शिपाई लोखंडी कपाट लावताना म्हणाला,
"बाय, तू सीए मा?"
"अजून नाय.
सहा दिवस आणि एक ग्रुप."
त्याने मान हलवली, पुष्कळ समजल्यासारखी,
आणि पंखा बंद करू लागला.
"ऱ्हवांदे," मी म्हटलं, "कागद ओले आसत."